लॉन मोअरचा क्लच घसरतोय? नवं मशीन घेण्याआधी हे तपासा

पावसाळा सरत आला की शाळांच्या मैदानांवर, जिमखान्यांत आणि सोसायट्यांच्या बागांमध्ये गवत घोट्याच्या वर आलेलं असतं. शेडमध्ये पडून असलेलं जुनं लॉन मोअर बाहेर काढलं जातं. दोरी ओढली की इंजिन सुरू होतं, रेस वाढवली की आवाजही वाढतो. पण मशीन जागेवरच. किंवा पुढे जातं, दाट गवत लागलं की अडखळतं आणि थोड्याच वेळात जळकट वास यायला लागतो.

मेकॅनिकच्या भाषेत क्लच 'स्लिप मारतो' तो असा. यावर पहिला सल्ला बहुतेक वेळा एकच असतो: क्लच गेला, प्लेट बदला. मशीन फारच जुनं असेल तर 'पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या' असंही सांगितलं जातं. प्रत्यक्षात घसरणारा प्रत्येक क्लच झिजलेला नसतो. कित्येकदा दोष एका वायरच्या ताणाचा असतो. पण ही वायर घट्ट करायची की सैल, याचं उत्तर प्रत्येक मशीनमध्ये सारखं नाही, आणि उलट्या दिशेने पाना फिरवला तर चांगला क्लचही जळू शकतो.

क्लच घसरतो म्हणजे नेमकं काय होतं?

क्लचचं काम इंजिनाची ताकद चाकांपर्यंत किंवा पात्यांपर्यंत पोहोचवणं आणि हवं तेव्हा ती तोडणं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणामुळे एकासोबत दुसरा फिरतो. ही पकड किती ताकद पेलणार हे दाब, घर्षण, पृष्ठभागांचा आकार आणि त्यांची संख्या यांवर ठरतं. आकार आणि संख्या कारखान्यातच ठरलेली असते. म्हणून घसरण्याची कारणं शोधायला तीनच जागा उरतात. एक तर दाब कमी पडतोय, किंवा पृष्ठभाग तेलकट वा गुळगुळीत झालाय, नाहीतर क्लचकडून त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ताकद मागितली जातेय.

घसरण सुरू झाली की ती स्वतःच वाढत जाते. घसरताना उष्णता तयार होते, उष्णतेने लायनरचा वरचा थर भाजून काचेसारखा चकाकतो, चकाकीमुळे पकड आणखी कमी होते आणि क्लच आणखी घसरतो. उष्णतेने स्प्रिंगाही मऊ पडतात. म्हणूनच 'अजून एवढं मैदान संपवू, मग बघू' हा विचार महागात पडतो. ज्या दिवशी वास आला त्याच दिवशी काम थांबवलं तर अनेकदा प्लेट वाचते.

दोष क्लचचाच आहे का?

कशालाही हात लावण्याआधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवा. अनेक मशीनमध्ये पाती आणि चाकं एकाच चेनने किंवा बेल्टने जोडलेली असतात. चाक हाताने फिरवलं तरी पातं फिरतं आणि बोट कापायला तेवढं पुरतं. टोपी जागेवर असेल तर पातं फिरवताना इंजिन क्षणभर पेट घेऊ शकतं.

आता ओझं तपासा. क्रिकेटच्या मैदानांवर आणि जुन्या बंगल्यांच्या बागांमध्ये दिसणारी मशीन बहुतेक सिलिंडर प्रकारची असतात. म्हणजे पुढे फिरणाऱ्या पात्यांचं एक रीळ आणि त्याखाली एक स्थिर पातं, दोन्ही मिळून कात्रीसारखं गवत कापतात. धार कमी झाली की माळी स्थिर पातं आणखी वर घेऊन रिळाला घट्ट भिडवतात. गवत कापलं जातं खरं, पण लोखंडावर लोखंड घासत राहतं आणि इंजिनाची बरीच ताकद तिथेच खर्च होते. शेवटी क्लच घसरतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

हे ओळखायला वर्तमानपत्राची एक पट्टी पुरे. ती दोन्ही पात्यांमध्ये धरून, बोटं लांब ठेवून रीळ हाताने सावकाश फिरवा. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे आणि रीळ सहज फिरलं पाहिजे. कागद कापला जातो पण रीळ फिरवायला जोर लागतो, असं असेल तर स्थिर पातं थोडं खाली घ्या. कागद कापलाच जात नसेल तर धार लावायची वेळ झाली आहे, घट्ट करून भागणार नाही. बेअरिंगभोवती गुंडाळलेलं सुकं गवत आणि वर्षानुवर्षं तेल न मिळालेली चेन यांचाही असाच भार पडतो.

आणखी दोन गोष्टी क्लचसारख्याच फसवतात. ओल्या जमिनीवर मागचा रोलर जागेवर फिरत असेल तर क्लच उत्तम काम करतोय, पकड जमिनीची गेली आहे. आणि रोलर अजिबात फिरत नसेल, जळका वासही नसेल, तर शाफ्टवर पुली किंवा स्प्रॉकेट धरून ठेवणारी लोखंडी 'की' तुटलेली असू शकते. पुली आणि शाफ्ट दोन्हींवरून जाणारी खडूची एक रेघ ओढा, मशीन थोडं चालवून बंद करा. रेघ तुटून दोन तुकडे वेगळीकडे गेले तर दोष कीचा आहे.

वायर घट्ट करायची की सैल?

इथेच सर्वात जास्त चुका होतात. लॉन मोअरमध्ये वायरने चालणारे क्लच ढोबळमानाने दोन जातींचे असतात.

पहिल्या जातीत स्प्रिंगा प्लेटांना कायम दाबून ठेवतात. वायर ओढली की प्लेटा सुटतात. गिअरच्या मोटारसायकलचा क्लच असाच असतो. इथे वायरमध्ये थोडी ढिलाई असणं गरजेचं आहे. ती नसेल तर लिव्हर सोडलेला असतानाही वायर प्लेटांना किंचित ओढून धरते, स्प्रिंगांचा पूर्ण दाब बसत नाही आणि क्लच घसरतो. लायनर जसा झिजतो तशी ही ढिलाई आपोआप कमी होत जाते, म्हणून काहीही न बिघडता एक दिवस क्लच घसरायला लागतो. इलाज: वायर सैल करा.

दुसऱ्या जातीत उलटं आहे. इथे वायर ओढल्यावरच पकड तयार होते. मागे चालत ढकलायच्या बऱ्याच मशीनमध्ये इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत एक बेल्ट असतो, तो एरवी सैल लोंबतो. लिव्हर दाबला की वायर एका छोट्या पुलीला बेल्टवर दाबते, बेल्ट ताणला जातो आणि मशीन चालायला लागतं. वेगळा क्लच नाहीच, बेल्ट हाच क्लच. इथे वायर लांबली किंवा सैल झाली की ताण अपुरा पडतो. इलाज: वायर घट्ट करा.

आपलं मशीन कोणत्या जातीचं हे नुसता लिव्हर बघून कळत नाही, कारण कंपन्यांनी लिव्हर दोन्ही प्रकारे बसवले आहेत. वायरचं क्लचकडचं टोक बघा. प्लगची टोपी काढलेली असताना मशीन हँडलला धरून ढकला, एकदा वायर ताणून आणि एकदा सोडून. ज्या स्थितीत मशीन जड जातं त्या स्थितीत क्लच जोडलेला आहे. वायर ताणल्यावर जड गेलं तर दुसरी जात, सोडल्यावर जड गेलं तर पहिली.

वायरच्या बाहेरच्या नळीच्या टोकाला एक स्क्रू आणि त्यावर लॉकनट असतो. लॉकनट सोडून स्क्रू बाहेर काढत गेलं की आतली वायर ताणली जाते, आत घेतलं की सैल होते. एका वेळी अर्धा-एक फेरा पुरे. पहिल्या जातीत लिव्हरच्या बुडाशी साधारण 2 ते 3 मिलिमीटर मोकळी हालचाल राहिली पाहिजे. मशीनचं माहितीपुस्तक हाताशी असेल तर त्यातला आकडा अंतिम. वायर नळीत गंजून अडकत असेल तर स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही, ती बदला. स्कूटर-मोटारसायकलच्या दुकानात त्याच लांबी-जाडीची वायर करून मिळते.

बसून चालवायच्या मोठ्या मशीनमध्ये पात्यांसाठी विजेवर चालणारा चुंबकी क्लच असतो. त्यात वायरचा प्रश्न नाही. बॅटरी मरगळली की चुंबक दुबळा होतो आणि क्लच घसरतो, त्यामुळे आधी बॅटरी आणि जोडण्या तपासा. त्यानंतर पाळी प्लेटमधल्या फटीची. ती बहुतेक मॉडेलमध्ये 0.4 मिलिमीटरच्या आसपास असते आणि फीलर गेजने तीन ठिकाणी मोजून सारखी करावी लागते.

बेल्ट घट्ट करूनही घसरतोय?

मग बेल्ट झिजला आहे. व्ही आकाराचा बेल्ट पुलीच्या खाचेत तळाला टेकत नाही, दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा अडकतो आणि पकड त्या पाचरीतून येते. बाजू झिजून बेल्ट खाचेच्या तळाला टेकला की कितीही ताणा, पकड येत नाही. बेल्ट खाचेत किती खोल बसलाय आणि त्याच्या बाजू चकाकतायत का, एवढं बघितलं तरी निदान होतं. नवा बेल्ट टाकताना पुलीच्या खाचाही बोटाने चाचपून बघा. गंज किंवा धारदार कड असेल तर नवा बेल्टही टिकणार नाही.

बाजारात बेल्ट मागताना 'ए' किंवा 'बी' हे अक्षर आणि पुढे आकडा सांगितला जातो. 'ए' साधारण 13 मिलिमीटर रुंद, 'बी' 17 मिलिमीटर, आणि आकडा म्हणजे आतल्या बाजूची लांबी इंचांत. मापाने जुळणारा पिठाच्या गिरणीचा किंवा पंपाचा बेल्ट बसतोही. पण क्लचचं काम करणाऱ्या बेल्टला दर वेळी थोडं घसरून पकड घ्यायची असते आणि पाठीवरून पुलीचा दाबही सोसायचा असतो. त्यासाठीच्या बेल्टला वरून कापडाचं वेष्टन आणि आत जास्त मजबूत दोरे असतात. साधा बेल्ट तात्पुरता ठीक, पण तो लवकर जाणार हे गृहीत धरा.

वायरच नसलेला क्लच

काही जुन्या मशीनमध्ये लिव्हर ओढायचा नसतो, नुसती रेस वाढवली की मशीन चालायला लागतं. हा सेंट्रिफ्यूगल क्लच. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये तोच असतो. शाफ्टवरचे शू वेगाने फिरताना बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला घट्ट चिकटतात.

यात जुळवायचं काही नाही, त्यामुळे लोक थेट शू बदलतात. त्याआधी इंजिनाचा वेग बघा. शूंना बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: वेग निम्मा झाला तर जोर पावच उरतो. कार्बोरेटर तुंबलेला, एअर फिल्टर धुळीने भरलेला किंवा रेसची वायर पूर्ण ओढली जात नसेल तर इंजिन हव्या वेगाला पोहोचतच नाही आणि शू अर्धवट चिकटून घसरत राहतात. दहापैकी किती वेळा असं होतं हे कोणी मोजलेलं नाही, पण फिल्टर साफ करायला दहा मिनिटं लागतात, मग तिथूनच सुरुवात का करू नये?

उघडण्याआधी धुळीबद्दल

जुन्या मशीनच्या दुरुस्तीत सर्वात कमी बोललं जातं ते या गोष्टीबद्दल. विसाव्या शतकात क्लच आणि ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जायचं, कारण ते उष्णतेत टिकतं. आपल्याकडच्या अनेक जुन्या सिलिंडर मोअरचं मूळ ब्रिटनमध्ये आहे. हे यंत्रच तिथलं: एडविन बडिंग याने 1830 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, 1902 मध्ये रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारं मोअर आणलं आणि 1921 पासून बर्मिंगहॅमची ॲटको मशीन आली. (स्क्रूने उघड-मीट होणाऱ्या पान्याच्या एका सुरुवातीच्या रूपाचं श्रेयही याच बडिंगला दिलं जातं.) ब्रिटनने 1999 मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली, भारतात मात्र सरसकट बंदी नाही. त्यामुळे जुन्या मशीनचा लायनर कशाचा आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही.

ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो आणि तो अनेकदा काही दशकांनी समोर येतो. ज्याने क्लच उघडला त्याला त्या दिवशी खोकलाही येत नाही, म्हणून हा धोका कोणाला खरा वाटत नाही. गॅरेजमध्ये क्लच उघडल्यावर पहिलं काम काय होतं? कॉम्प्रेसरची हवा मारली जाते किंवा तोंडाने फुंकर. जुन्या मशीनवर नेमकं हेच टाळायचं.

क्लचचं झाकण काढण्याआधी आणि काढल्यावर आतली धूळ पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ओली करा. ओल्या फडक्याने पुसा, ती फडकी आणि जुने लायनर दोन पिशव्यांमध्ये घट्ट बांधून टाका. सुका ब्रश नको, घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही, एन-95 सुद्धा ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा मानला जात नाही. पी-100 किंवा एफएफपी-3 दर्जाचा मास्क लागतो. काम उघड्यावर करा, मुलांना लांब ठेवा आणि ते कपडे वेगळे धुवा.

चकाकणारा लायनर पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. नवा, ॲस्बेस्टॉस नसलेला लायनर असेल तर तो काही काळ चालतो. कशाचा आहे हे माहीत नसलेल्या जुन्या लायनरला मात्र पॉलिश पेपर लावूच नका. तो थेट बदला.

उघडल्यावर काय बघायचं?

प्रत्येक भाग निघताना मोबाइलवर फोटो काढा आणि प्लेटा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने मांडून ठेवा. पट्टीने लायनरची जाडी मोजा. रिव्हेटने बसवलेल्या लायनरमध्ये रिव्हेटची डोकी पृष्ठभागाशी आली असतील तर आयुष्य संपलं, पुढे ती लोखंडाला खाजवत जाणार.

लोखंडी प्लेट काचेच्या तुकड्यावर ठेवून बघा. डुगडुगली तर ती उष्णतेने वाकली आहे. निळसर छटा असेल तर प्लेट खूप तापली होती. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करा. एखादी इतरांपेक्षा बुटकी दिसली तरी ती एकटी बदलू नका, पूर्ण संच बदला, नाहीतर दाब एका बाजूला झुकतो.

लायनरवर तेल दिसलं तर आधी ते कुठून आलं ते शोधा. बऱ्याचदा इंजिनाच्या शाफ्टवरचं ऑइल सील गळत असतं. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही थोड्याच दिवसांत तेल पिते. मोटारसायकलचा क्लच तेलातच चालतो, मग इथे काय अडचण, असा प्रश्न पडू शकतो. तो क्लच तेलात चालण्यासाठीच बनवलेला असतो. लॉन मोअरमधले क्लच बहुतेक कोरडे असतात आणि त्यांच्या लायनरला तेलाचा थेंबही चालत नाही. तेल प्यायलेला लायनर रॉकेलने धुण्याची पद्धत आहे, पण रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवतं. पेट्रोलने धुतलं तर आगीचा धोका, आणि आत मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतंच. लोखंडी ड्रम आणि प्लेटा ब्रेक क्लीनरने साफ करा, लायनर बदला.

पार्ट मिळत नसेल तर?

कंपनी बंद झाली म्हणजे मशीन संपलं असं नाही. जुनी लोखंडी प्लेट शाबूत असेल तर त्यावर नवा लायनर चिकटवून किंवा रिव्हेट करून देणारी दुकानं बऱ्याच शहरांत ट्रक-रिक्षाच्या गॅरेजांच्या आसपास सापडतात. लायनर ॲस्बेस्टॉस नसलेला हवा, हे आधीच सांगा आणि जाडी मूळ मापाचीच ठेवायला सांगा. जाड लायनर बसवला तर क्लच नीट सुटत नाही. बेअरिंग आणि ऑइल सील यांची मापं ठरलेली असतात, त्यावरचा नंबर किंवा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली की हार्डवेअरच्या दुकानात मिळून जातात. ड्रमला खोल चर पडले असतील किंवा क्रँकशाफ्टच वाकला असेल, तर मात्र खर्चाचा हिशेब करून मशीनला निरोप देणं शहाणपणाचं.

जोडल्यानंतरची चाचणी

पकड आली की काम झालं असं वाटतं, पण क्लच सुटतो का हे बघणं जास्त महत्त्वाचं आहे. न घसरणाऱ्या पण न सुटणाऱ्या क्लचचं मशीन लिव्हर सोडल्यावरही पुढे जात राहतं, फिरती पाती घेऊन. मोकळ्या, सपाट जागेवर, समोर कोणी नसताना इंजिन कमी रेसवर सुरू करा. लिव्हर सोडलेला असताना मशीन तसूभरही सरकता कामा नये. सरकलं तर इंजिन बंद करून वायर पुन्हा जुळवा.

काही बागांमध्ये हात दुखू नये म्हणून सेफ्टीचा लिव्हर सुतळीने किंवा तारेने हँडलला बांधून ठेवलेला असतो. दुरुस्तीच्या वेळी ती सुतळी दिसली तर कापून टाका. माळी घसरून पडला तर मशीन थांबवणारी तेवढी एकच गोष्ट असते.

नवा लायनर पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाही, त्याचा पृष्ठभाग समोरच्या प्लेटला बसायला थोडा वेळ लागतो. पहिला अर्धा तास आखूड, कोरड्या गवतावर हलकं काम द्या, मग मशीन थंड होऊ द्या आणि वायरची ढिलाई पुन्हा मोजा. नवा लायनर बसताना ती जवळपास नेहमीच थोडी बदललेली असते.